शूटिंगसाठी नंबरचा चष्मा: एक फ्रेम, तीन काचा आणि बराच मनस्ताप

दीड वर्ष वापरून मग लिहितोय, कारण नवीन वस्तू हातात आली की पहिले पंधरा दिवस सगळंच भारी वाटतं आणि आपण पाच स्टार देऊन मोकळे होतो. वस्तू म्हणजे एअर पिस्तूलसाठी घेतलेली शूटिंगची फ्रेम, तीच ती, एका डोळ्यासमोर एकच गोल काच, तिच्यावर बसवायचं आयरिस, म्हणजे लहानमोठं करता येणारं भोक, आणि दुसऱ्या डोळ्यापुढे झापड, घातली की माणूस घड्याळ दुरुस्त करायला बसल्यासारखा दिसतो. नोब्लोख, चॅम्पियन, गेमन ही कंपन्यांची नावं नेमबाजांच्या तोंडी सारखी असतात, माझी फ्रेम कुठली ते सोडून द्या, कारण मला जे रडगाणं गायचंय ते फ्रेमचं थोडं आणि काचेचं जास्त आहे.

आधी माझ्या डोळ्यांची कुंडली. वय ४८, नेम धरायचा डोळा उजवा, लांबचा नंबर मायनस २.७५, सिलिंडर (एका दिशेपुरता लागणारा जास्तीचा नंबर) मायनस १.२५ ॲक्सिस (त्या सिलिंडरचा कोन) २०, आणि चाळिशी लागून पाचेक वर्षं झाली, ती प्लस १.५०. रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह. सुरुवातीला तोच घालून शूट करायचो आणि प्रत्येक शॉटला मान जरा वर, जरा खाली करत फ्रंट साइट (पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची पट्टी) काचेच्या कुठल्या भागातून नीट दिसते ते शोधायचो. प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा आणि मधे एक अरुंद पट्टा असतो, आणि पिस्तुलाची फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण मीटरभर लांब, म्हणजे ना धड लांब ना धड जवळ, ती नेमकी त्या पट्ट्यात पकडायची तर हनुवटी उचलावी लागते, आणि दर शॉटला हनुवटी वेगळी म्हणजे दर शॉटला नेम वेगळा. बायफोकलची तर बातच नको. त्यामुळे पहिलं सांगणं हे की शूटिंगला एकाच नंबरची काच पाहिजे, तिथे तडजोड नाही.

मग मी हुशारी केली. कपाटातला जुना, फक्त लांबच्या नंबरचा चष्मा काढला आणि घालून लेनवर गेलो. अहाहा! टार्गेट असं काय चकाचक दिसलं म्हणून सांगू, काळं वर्तुळ जणू कोणी पेनने कोरून काढलंय. दोन महिने खूश होतो. स्कोअर मात्र खाली यायला लागला. पहिले दहा शॉट बरे, वीस-पंचवीस झाले की फ्रंट साइटच्या कडांना कापूस फुटायचा आणि शॉट कुठे जातायत ते कळेनासं व्हायचं. मला वाटलं हात थकतोय. शूटिंग शिकवणाऱ्या सरांनी एक दिवस मागे उभं राहून विचारलं, "काय बघताय?" म्हटलं टार्गेट. म्हणाले, "तेच चुकतंय, टार्गेट धूसर दिसलं पाहिजे."

हे वाक्य पटायला मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं, कारण पैसे देऊन चष्मा घ्यायचा आणि टार्गेट धूसर बघायचं हे कुठल्याच शहाण्या माणसाला पटत नाही. हिशोब असा. रिअर साइटपासून (मागची, खाच असलेली पट्टी) फ्रंट साइटपर्यंतचं अंतर धरा ३५ सेंटिमीटर. टार्गेट १० मीटरवर. फ्रंट साइट रिअरच्या खाचेत १ मिलिमीटर बाजूला सरकली तर टार्गेटवर ती चूक जवळजवळ २८ मिलिमीटरची होते, म्हणजे शॉट दहाच्या जागी थेट सात गुणांच्या वर्तुळात. आणि साइट एकमेकींत बरोबर बसलेल्या असतील पण अख्खा हातच ५ मिलिमीटर बाजूला असेल तर शॉट पण ५ मिलिमीटरच बाजूला जातो, तो अजून दहाच. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर, आणि ४.५ मिलिमीटरची पेलेट (छर्रा) कडेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे हाताच्या डुगडुगीला माफी आहे पण साइट सरकल्याला नाही. शिवाय धूसर गोळ्याचा मध्य डोळा आपोआप बरोबर काढतो, धूसर पट्टीची कड मात्र त्याला सापडत नाही. म्हणून सगळा जोर फ्रंट साइटवर.

आता नंबर कसा काढायचा, कारण खरा रिव्ह्यू इथेच आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस होतो. फ्रंट साइट साधारण ९५ सेंटिमीटरवर, म्हणजे चष्म्याच्या भाषेत (एक भागिले मीटरमधलं अंतर) एक डायॉप्टरच्या आसपास, आणि १० मीटरवरचं टार्गेट म्हणजे ०.१०. दोन्हींच्या मधे फोकस ठेवला तर दोन्ही थोडे थोडे धूसर पण दोन्ही कामाचे, तो मधला आकडा साधारण ०.५० येतो. म्हणून जुने नेमबाज डोळे झाकून सांगतात की लांबच्या नंबरात प्लस अर्धा मिळवा. वय वाढलेलं असेल, डोळ्याची स्वतःहून जवळ फोकस करायची ताकद संपत आली असेल तर ०.७५ सुद्धा लागतो. पंचविशीतल्या पोरापोरींना बहुतेक वेळा काहीच मिळवावं लागत नाही, त्यांचा डोळा ते काम फुकटात करतो, त्यांनी फक्त लांबचा नंबर अचूक करून घ्यावा आणि देवाचे आभार मानावेत.

फ्रंट साइटचं अंतर अंदाजाने सांगू नका. रिकामं पिस्तूल, रेंजवरच, नेहमीच्या पवित्र्यात उभं राहायचं आणि दुसऱ्या कोणीतरी शिंप्याचा टेप धरून डोळ्याच्या कडेपासून फ्रंट साइटपर्यंत मापायचं. तेवढा आकडा घेऊन डोळे तपासायला जायचं. पिस्तूल घेऊन डॉक्टरकडे जाऊ नका हो, खरंच असे लोक आहेत. मी पुठ्ठ्याची पट्टी कापून तिला काळा रंग देऊन नेली होती आणि डॉक्टरीणबाईंनी ट्रायल फ्रेममधे ०.२५, ०.५०, ०.७५ अशा काचा टाकून मला हात लांब करून उभं केलं, बाहेर वेटिंगमधले लोक बघत होते, बघू देत. तपासणी सकाळी करा, दिवसभर स्क्रीन बघून संध्याकाळी गेलात तर दमलेल्या डोळ्याचा नंबर मिळेल. शुगर वरखाली होत असेल तर ती ताब्यात आल्यावरच जा, शुगरबरोबर नंबरही हलतो.

तर ०.५० ठरलं. आणि इथे पहिला फटका बसला. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की लांबच्या नंबरात प्लस ०.५० मिळवा, आणि काच करणाऱ्याने आकडे नुसते एकापुढे एक मिळवले, २.७५ अधिक ०.५० म्हणजे ३.२५, आणि मायनस ३.२५ ची काच माझ्या हातात. अहो मायनसमधे प्लस मिळवला की मायनस कमी होतो! पाहिजे होती मायनस २.२५. मी पण शहाणा, न बघता लावली, तीन आठवडे डोकं दुखवून घेतलं आणि सरांना म्हणालो की तुमचं ते धूसर-बिसर काही खरं नाही, टार्गेट तर अजूनच लख्ख दिसतंय. दिसणारच की, पण फ्रंट साइट बघायला डोळ्याला दीड डायॉप्टरची कसरत करावी लागत होती. तेव्हापासून चिठ्ठीवर शेवटचा आकडाच लिहून घेतो, मिळवा-वजा करा असं काही लिहू देत नाही, आणि काच हातात आली की मशीनवर समोर मोजून दाखवा म्हणतो. मोजून दाखवायला कुणी कुरकुर केली तर दुसरं दुकान बघा.

दुसरी काच मी उत्साहात मायनस २.०० ची केली, म्हणजे ०.७५ वाली. फ्रंट साइट काय दिसत होती राव, कडा अशा की बोट कापेल. पण टार्गेट म्हणजे दुधात पडलेला शाईचा थेंब. चांगल्या उजेडात चालून गेलं, पण उजेड कमी असला की काळ्याची खालची कड कुठे संपते आणि पांढरं कुठे सुरू होतं तेच कळेना, आणि मी बुलच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) खाली पांढरी पट्टी सोडून नेम धरणारा, मला ती कड लागतेच. शॉट वरखाली पसरायला लागले. म्हणून तिसरी काच, मायनस २.२५, आणि आजपर्यंत तीच. पाव नंबराचा फरक तो काय, असं चष्मेवाला म्हणतो, रोजच्या चष्म्यात खरंही असेल, इथे पाव नंबरात दिवस-रात्र बदलते. ०.७५ वाली फेकली नाही, पाच-सात वर्षांनी लागणारच आहे.

आता फ्रेम. साध्या चष्म्यात ०.५० ची काच घालून चालत नाही का? चालतं. पॅरिस २०२४ आठवा, तुर्कस्तानचा युसुफ डिकेच रोजचा चष्मा घालून खिशात हात टाकून उभा होता आणि कोरियाची किम ये-जी झापड-आयरिस लावून एखाद्या सायन्स फिक्शनमधली वाटत होती, दोघांच्याही फोटोंनी धुमाकूळ घातला आणि दोघांनाही तिथे रौप्यच मिळालं, तिला महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूलमधे, त्याला मिक्स्ड टीममधे. फ्रेममुळे मेडल मिळत नाही हे त्यातून कळावं. तरीही मी फ्रेमला पैसे घातले त्याचं कारण काचेची जागा. पिस्तूल धरताना आपण टार्गेटकडे तिरके उभे राहतो, मान वळवतो, आणि साध्या चष्म्यातून नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. पुष्कळ जण सांगतात की त्यामुळे टार्गेट सरकून दिसतं म्हणून शॉट चुकतो, तसं नाहीये, सरकतं खरं पण साइट आणि टार्गेट दोन्ही त्याच काचेतून त्याच जागेतून दिसतात म्हणून एकत्रच सरकतात. घोटाळा होतो तो कडेच्या धूसरपणाचा, तिरक्या काचेतून बघितलं की नंबर आणि सिलिंडर दोन्ही बदलल्यासारखे होतात, आणि मायनस चारच्या पुढे हे चांगलंच जाणवतं. शूटिंगच्या फ्रेममधे काच वर-खाली, आत-बाहेर सरकवून, वळवून, बरोबर डोळ्यासमोर आणि नजरेला काटकोनात आणता येते. तुमचा नंबर पाऊण-एक असेल आणि सिलिंडर नसेल तर साध्या चष्म्यात एक नंबराची काच करून घ्या, फ्रेमचे पैसे पेलेटला वापरा.

सिलिंडरवाल्यांनो, तुमच्यासाठी एक खड्डा आहे. गोल काच होल्डरमधे फिरते. फिरली की ॲक्सिस गेला. तीस अंश फिरली तर जितका सिलिंडर काढायला काच घातली तितकाच डोळ्यात परत उरतो, म्हणजे घातली काय न घातली काय, उलट नवीनच दिशेने. माझी काच पुसताना फिरली आणि एक अख्खी मॅच, साठ शॉट, मी फ्रंट साइटचा एक कोपरा भुतासारखा डबल बघत काढली. आता काचेच्या कडेला आणि होल्डरला पर्मनंट मार्करने एकेक टिपका दिलाय, दोन्ही टिपके समोरासमोर आले की झालं. हे चष्मेवाल्याकडूनच करून घ्यावं, तो ॲक्सिस मशीनवर धरून खूण देतो. काचेचा व्यासही आधी विचारा, २३ आणि ३७ मिलिमीटर हे दोन जास्त चालतात आणि एका मापाची काच दुसऱ्या होल्डरमधे बसत नाही. मी ३७ घेतली, २३ मधे काच हलकी आणि पातळ होते खरी पण डोकं जरा हललं की होल्डरची कड नजरेत येते.

आयरिसबद्दल माझं मत लोकांना आवडणार नाही. भोक लहान केलं की सगळंच स्पष्ट दिसतं, फोटोवाल्यांना हे माहीत असतं, आणि म्हणूनच नवा माणूस ते बंद करत करत सुईच्या नेढ्याएवढं करतो. मी पण केलं. दोन गोष्टी झाल्या. एक तर उजेड इतका कमी झाला की चाळीस शॉटनंतर डोळ्यासमोर राखाडी पडदा. दुसरं म्हणजे टार्गेट पुन्हा लख्ख दिसायला लागलं आणि नजर पुन्हा पळाली तिकडे, म्हणजे नंबरात जे कमावलं ते आयरिसने घालवलं. एक मिलिमीटरच्या खाली गेलात तर उलट कडा परत मऊ व्हायला लागतात, प्रकाशाचा धर्मच तसा आहे. आता मी उजेड भरपूर असेल तेव्हाच थोडं बंद करतो, नाहीतर काढून ठेवतो. चुकीचा नंबर आयरिसने झाकता येतो, दुरुस्त होत नाही.

झापड मात्र घ्याच, आणि काळी घेऊ नका. एक डोळा अंधारात गेला की दुसऱ्याची बाहुली पण मोठी होते, दोन्ही बाहुल्या एकमेकींच्या तालावर नाचतात, आणि बाहुली मोठी म्हणजे कडा अजून धूसर. पांढरट, उजेड आत येऊ देणारी घ्या. डोळा मिटून शूट करणाऱ्यांना हेच लागू, वर गालाचे स्नायू ताणले जातात ते वेगळंच. स्पर्धेत आयएसएसएफचा (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा) नियम आहे, समोरची झापड ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको, बाजूच्या झापडा ४० मिलिमीटरपेक्षा खोल नकोत, आणि नंबरची काच आपल्या अंगावरच पाहिजे, पिस्तुलाला किंवा रायफलला चिकटवता येत नाही. रंगीत फिल्टर पण आले होते फ्रेमबरोबर. पिवळा मळभ असताना बरा वाटतो, करडा फक्त डोळे दिपवणाऱ्या उजेडात, बाकी डब्यात पडून आहेत.

आणि हो, कुठला डोळा ते आधी ठरवा. हात लांब करून दोन्ही तळव्यांमधे छोटी फट ठेवायची, त्यातून लांबची वस्तू बघायची, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो तुमचा. एक मित्र उजव्या हाताचा, पण निघाला डाव्या डोळ्याचा आणि उजव्या डोळ्याची काच करून बसला होता.

तक्रारी. फ्रेमचे स्क्रू. इतके बारीक आणि इतके जास्त की एक ढिला झाला की सगळी मांडणी बिघडते, मी मॅचच्या आधी सगळे एकदा पिळून घेतो. नाकाच्या पॅडला घाम आला की घसरते, हेडबँडचा घाम पुसायला वेगळा रुमाल ठेवलाय. ती घालून चालता येत नाही, जमीन धूसर, पायऱ्या तर विसराच. शॉटनंतर लेनवरच्या मॉनिटरवर आकडा बघायला मी मान तिरकी करून झापडेच्या बाजूने बघतो, आणि तो तिरका डोळा बिनचष्म्याचा, त्यामुळे नऊ आहे की आठ ते कधी कधी पुढच्या शॉटनंतर कळतं, कदाचित बरंच आहे ते. आणि सगळ्यात गंभीर, ही सुरक्षेची फ्रेम नाही. बाजू उघड्या, गोल काच बऱ्याचदा साध्या प्लास्टिकची, जोराचा मार लागला तर फुटणारी. पेलेट सापळ्यात जाणाऱ्या १० मीटरच्या लेनवर ठीक, पण स्टीलच्या टार्गेटवर, किंवा शेजारी कोणी तसलं काही करत असेल तिथे, पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स या सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकचा, डोळा पूर्ण झाकणारा चष्माच पाहिजे. पॉलिकार्बोनेटमधे कडेला रंगाची झालर दिसते, ट्रायव्हेक्समधे कमी दिसते, मला विचाराल तर ट्रायव्हेक्स.

रायफलवाल्यांचं गणित थोडं वेगळं, त्यांचं रिअर साइटचं भोक स्वतःच आयरिसचं काम करतं त्यामुळे मिळवायचा नंबर कमी लागतो, पण डोकं पुढे झुकून गाल टेकलेला असतो म्हणून ते काचेच्या वरच्या आतल्या कोपऱ्यातून बघतात, त्यांना सरकणारी फ्रेम माझ्यापेक्षा जास्त गरजेची. ट्रॅप-स्कीटवाल्यांनी (उडत्या तबकड्या फोडणाऱ्यांनी) यातलं काहीच ऐकू नका, तुमचं टार्गेट उडतं, तुम्हाला लांबचा पूर्ण नंबर आणि मोठी रुंद मजबूत काच पाहिजे. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) वापरणाऱ्यांपैकी कोणाला ठिपक्याऐवजी शेपूट फुटलेला धूमकेतू दिसत असेल तर डॉटला शिव्या घालायच्या आधी सिलिंडर तपासा.

कॉन्टॅक्ट लेन्स का नाही, हे विचारणारच कोणीतरी. करून बघितलं. नेम धरताना आपण पापणी मिटायची विसरतो, लेन्स सुकते, आणि सिलिंडरवाली लेन्स डोळ्यावर जरा फिरली की पुन्हा ते भूत. शिवाय त्यात प्लस अर्धा घातला तर गाडी चालवत घरी कसं जाणार.

फ्रेमच्या डबीत एक चिठ्ठी ठेवलीये, तीच इथे उतरवतो: उजवा, मायनस २.२५, सिलिंडर मायनस १.२५, ॲक्सिस २०, टिपका टिपक्यासमोर, नाकाचा पूल तिसऱ्या रेघेवर, आयरिस पूर्ण उघडं. पुढच्या तपासणीची तारीख पेन्सिलने लिहिलीये, कारण तो नंबर बदलणार आहे.